कमी-जास्त होणार नाही

घरमालक बद्रीनाथने खोलीचे भाडे वाढवल्याचे दारात उभे राहूनच सांगितले, आणि आवडाबाई तशीच, पायात चपला न घालता, माझ्याकडे आली. मुकुंदवाडीच्या एकाच गल्लीत आमची दोघींची घरे. मध्ये फार तर पन्नास पावले. पण तिचे गुडघे गेल्यापासून एवढ्या अंतरात ती दोनदा थांबते. त्या दिवशी ती कुठे थांबली नसावी.

मी तिला बाजेवर बसवले, पाणी दिले.

"दोन हजार," ती म्हणाली.

"कशाचे?"

"खोलीचे. पयल्या तारखेपासून. बाराशे होते ते दोन हजार."

"तू काय म्हणलीस त्याला?"

"काय म्हणू? तो म्हणला, मावशी, दुसरं कोणी आसतं तर मी तीन हजार सांगितले आसते. मला बी लाइटबिल भरायचंय, पोरीची फी भरायचीय. नाय जमत तर खोली सोडा. खोटं नाय बोलत तो, गोजर. त्याचं बी सगळं महागच झालंय."

आवडाबाई चौऱ्याहत्तर वर्षांची. नवऱ्याने टाकल्यापासून ती त्याच खोलीत राहत होती. दहा बाय दहाची, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी. तिला मूलबाळ नाही. निराधार योजनेचे दीड हजार येत, ते आले तर येत. एका केटरिंगवाल्याचा लसूण सोलून तीन-चारशे सुटत. आणि तिसरे उत्पन्न म्हणजे तिच्या भावाचे तीनशे रुपये. या तिन्हींतून दोन हजार भाडे गेले तर तिने खायचे काय, हे मलाही कळत होते.

तिने पोलक्यातून दुधाची रिकामी पिशवी काढली. तिच्यात घडी घातलेला एक कागद होता. घडीवर तो आता फाटायला आला होता.

"वाच. नीट वाच. आपुन एखादा शबूद सोडला आसंल."

तिला वाचता येत होते. पण डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी चष्मा लावला आणि वाचले, जरी तो कागद मला पाठ होता.

"मी फकिरा लिहून देतो की, माझी थोरली बहीण आवडाबाई हिने वडिलोपार्जित जमिनीतील आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे. त्याबद्दल तिच्या उदरनिर्वाहासाठी मी तिला तिच्या हयातभर दरमहा रुपये तीनशे नगद देत जाईन. यात कमी-जास्त होणार नाही."

"आन् पुढं?"

"पुढं सह्या. तुझी, त्याची. साक्षीदार म्हणून माझी."

तिने कागद परत घेतला आणि घडी घालून पिशवीत सारला.

'कमी-जास्त होणार नाही' ही शेवटची ओळ आम्ही दोघींनीच लिहायला लावली होती.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहारात साक्षरतेचा वर्ग चाले. सुलेखा नावाची एक मुलगी शिकवायला येई. दुपारी भांडी-धुणी उरकून आम्ही दहा-बारा बायका जात असू. मी चाळिशीची, आवडाबाई त्रेचाळीस वर्षांची. विहारात आमच्यात येऊन बसायला तिच्या माहेरच्यांनी नाके मुरडली, पण तिने जुमानले नाही. पाटीवर ती तीन आकडा काढायची तो नेहमी उलटा. मी पुसून सुलटा काढून द्यायची.

सुलेखा एकच गोष्ट रोज सांगायची. वाचल्याशिवाय कागदावर काही उठवायचे नाही, आणि अंगठा तर मुळीच नाही. सही करायची. आम्हाला ते फार पटले होते.

त्याच वर्षी आवडाबाईचा बाप वारला. विमानतळाच्या मागच्या बाजूला त्यांची चार एकर जमीन होती. सातबाऱ्यावर भावाबरोबर हिचेही नाव लागले. फकिराने तिला हक्कसोड करायला सांगितले. आमच्याकडे बहिणी करतातच. साडी-चोळी घेतात आणि सही करतात. पण फकिरा तसा नव्हता. माणूस नेक होता. तो स्वतः तिच्या खोलीवर आला, भिंतीला टेकून बसला. मीही तिथेच होते.

"आक्का, तुला वाऱ्यावर नाय सोडणार," तो म्हणाला. "वर्षाला चार पोती ज्वारी, एक पोतं गहू, आर्धं पोतं तूर. मी हाय तवर तुला दाणा विकत घ्यायचं काम नाय."

आवडाबाईने माझ्याकडे पाहिले. धान्य मोजून देणार होती तिची भावजय सारजाबाई. आणि सारजाबाईची पायली आम्हाला माहीत होती. वरून हात फिरवला की शेर कमी व्हायचा. शिवाय देईल ते मागच्या सालचे, किडके, खाली खडा असलेले. भांडायला कुठे जायचे? ज्वारी बोलत नाही.

मीच तिला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "धान्य घेऊ नको. मापात हात खालीवर होतो. आकडा घे. आता तुला आकडा वाचता येतो. आकडा हलत नाही."

फकिराला ते आवडले नाही. "रोख पैशाचं काय खरं हाय," तो म्हणाला. पण बहिणीपुढे त्याचे चालले नाही. बोलता बोलता तीनशेवर ठरले. तेव्हा तीनशे म्हणजे पंच्याऐंशी किलो ज्वारी. खोलीचे भाडे साठ रुपये. तिने धान्य घेतले असते, तर वर्षाचे अडीच हजारांच्या आसपास झाले असते. रोखीने छत्तीसशे होत होते. आम्ही दोघी मनात हसलो. शिकल्याचा फायदा झाला म्हणालो.

तहसीलजवळ लिंबाखाली बसणाऱ्या लेखनिकाने मसुदा केला. आवडाबाई त्याला म्हणाली, "दादा, तीनशेचे पावणेतीनशे करता येनार नाय आसं लिवा." लेखनिक म्हणाला, "बाई, त्याला 'कमी-जास्त होणार नाही' असं लिहितात. पक्कं होतं." तो पक्कं म्हणाल्यावर आम्ही खूश झालो. कमी होणार नाही एवढेच आमच्या डोक्यात होते. जास्त व्हायची कधी गरज पडेल, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आले नाही. सुलेखाने आकडे शिकवले होते. आकडा तसाच राहून त्याच्या पोटातले कमी होते, हे तिने शिकवले नव्हते. तिलाही ते माहीत नसावे.

फकिराने शब्द पाळला. दर पहिल्या तारखेला शंभराच्या तीन नोटा. आधी सायकलवर येई, मग मोटारसायकलवर.

मध्ये एक वर्ष मात्र वेगळे गेले. कागद होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. त्या वर्षी सगळ्याचेच भाव पडले. आधी कांदा पडला, मग टमाटे, मग ज्वारीलाही कोणी विचारेना. जाधववाडीच्या मोंढ्यात लोक टमाट्याचे क्रेट रस्त्यावर ओतून रिकाम्या गाड्या घेऊन घरी जात, कारण विकून भाडेही निघत नव्हते. वर्षभर एवढे स्वस्त मी कधी पाहिले नव्हते. पण माझ्या हातात रुपया नव्हता. माझा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता. गावांत पैसा नाही म्हणून माल उठेना, माल उठेना म्हणून मशिनी बंद, आणि मशिनी बंद म्हणून चाळीस माणसे घरी. खुरपायलाही कोणी बोलावत नव्हते. मालाला किंमत नाही तर गवत काढून काय करायचे, म्हणत. दोन रुपयांना ढीगभर टमाटे होते, आणि माझ्याकडे दोन रुपये नव्हते.

आवडाबाईकडे मात्र तीन नोटा होत्या. त्या वर्षी त्या तीन नोटा एवढ्या मोठ्या झाल्या की तिला त्यांचे काय करावे कळेना. तिने तेल घेतले, गूळ घेतला, माझ्या घरी महिनाभर टमाटे आणि पीठ पोचवले. ते मी विसरले नाही.

मग फकिरा यायचा बंद झाला. एक महिना, दोन महिने, सहा महिने. आवडाबाईने कागद पिशवीत घातला आणि मला बरोबर घेऊन गेली.

फकिरा ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली. अंगणात कांद्याचा ढीग सडत होता. वास येत होता.

"आक्का, यंदा धान्य ने," तो म्हणाला. "पाहिजे तेवढं ने. आठ पोती ने. नगद नाय माझ्याकडं. तुझ्या तीनशेसाठी मला गाडीभर माल विकावा लागतो, आन् गाडीभर माल घेतंय कोण?"

आवडाबाईने कागद काढला. "कमी-जास्त होणार नाय आसं लिवलंय, फकिरा."

"लिवलंय. मी कुठं नाय म्हणतो?"

"मंग?"

मी मागे उभी होते. धान्य घे, एवढे दोन शब्द मी बोलू शकले असते. पण सहा महिन्यांचे अठराशे होत होते, आणि त्या वर्षी अठराशे म्हणजे फार होते. मी बोलले नाही. तिच्याकडे पैसे आले की माझ्याही घरात पीठ येत होते.

आतून सारजाबाई बाहेर आली. काही न बोलता तिने हातातले चांदीचे गोठ काढले. एकेक करून. दुसरा निघेना, तर मनगटाला तेल लावून काढला. वीस तोळ्यांचे होते, तिच्या आईने घातलेले. ते तिने नवऱ्याच्या पुढ्यात ठेवले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी फकिराने अठराशे रुपये आणून दिले. सराफ्यात बरोबर तेवढेच आले होते.

आवडाबाईने ते मोजून घेतले. तिला तेव्हा वाटले होते की ती जिंकली.

त्यानंतर भाव पडले नाहीत. म्हणजे अधूनमधून पडले असतील, पण एवढे नाही. सगळे वरच चढत गेले, आणि तीनशे तिथेच राहिले. कधी कळले, सांगता येत नाही. एका वर्षी तीन नोटांत तेलाचा डबा आला नाही. पुढे खोलीचे भाडेच तीनशे झाले, म्हणजे नोटा आल्या तशा बद्रीनाथच्या बापाकडे गेल्या. हात चालत होते तोवर ती पोळ्या लाटायला जाई, म्हणून ते जाणवले नाही. मग गुडघे गेले. मग नोटांचा रंग बदलला, जांभळट झाल्या, लहान झाल्या. पण होत्या तीनच. त्यांची आता सहा किलो ज्वारी येत होती, दुकानदार ओळखीचा असेल तर.

आणि ती चार एकर? निम्मी विकली गेली. किती कोटींना ते लोक वेगवेगळे सांगतात. उरलेल्यात फकिराच्या मुलाने, सुदर्शनने, लग्नाचे लॉन काढले. आता तीन नोटा त्याच्या लॉनवरचा माणूस पाकिटात घालून आणून देई. एकही महिना चुकला नाही.

"फकिराकडं जाऊ," बाजेवर बसलेली आवडाबाई म्हणाली. "त्याला म्हणते, पैसे नको. तू आधी म्हणला होतास ते दे. चार पोती ज्वारी, पोतंभर गहू, आर्धं पोतं तूर. आर्धं खाईन, आर्धं विकीन. खोली राहील."

"देईल का?"

"तेच बोलला होता ना तो? त्याच्याच तोंडचं हाय."

"पण कागदात नाही."

"कागदात नाय," ती म्हणाली. "पर खोली जाईल गोजर. आतून कडी लावून झोपायची सवय झाली मला. एकतीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षा केली. लॉनच्या फाटकावर प्लॅस्टिकच्या फुलांची कमान होती, आदल्या दिवशीच्या लग्नाची. आत ओल्या गवतावर माणसे खुर्च्या एकात एक घालून रचत होती. मागे फकिराचे दोन मजली घर. फकिरा बाहेरच्या झोपाळ्यावर बसला होता. सत्तरीचा, पण हिच्यापेक्षा थकलेला.

"आक्का," तो म्हणाला, आणि उठायला लागला.

"बस, बस. बसूनच ऐक."

तिने सगळे सांगितले. भाडे, गुडघे, लसूण. रडली नाही. शेवटी म्हणाली, "तू म्हणला होतास ते धान्य दे. माझं चुकलं तवा. तुझं खरं होतं."

फकिराने खाली पाहिले. "माझ्या हातात काय राहिलंय आक्का? सगळं सुदर्शनच्या नावावर हाय."

सुदर्शन आतून आला. चाळीस-बेचाळीसचा, पोट सुटलेला, हातात मोबाइल. वाईट मुलगा नाही. आल्या आल्या आत्याच्या पाया पडला, मलाही मावशी म्हणाला.

"आत्या, टेन्शन नको घेऊ. पण कागदात काय लिहिलंय ते तूच बघ ना. आम्ही एक महिना तरी चुकवला का?"

"नाय चुकवला."

"कमी दिले का?"

"नाय."

"मग झालं तर. आता मला सांग, उद्या दाणा लई महाग झाला तर मी काय करू? लॉनचं बुकिंग मागच्या सालापेक्षा निम्मं हाय. लोक घरच्या घरी, शंभर माणसांत उरकायला लागलेत. डिझेलचं बिल बघ माझं, जनरेटरचं."

तेवढ्यात सारजाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, दुसरे काही नव्हते. एवढे घर झाले, गाडी झाली, पण चांदी तिने पुन्हा घातली नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "धान्य पाहिजे का? घेऊन जा. आत्ता भरून देते. माझे गोठ आणा."

आवडाबाईने तिच्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिले.

"वीस तोळे. पैसे नको मला. अठराशे तर मुळीच नको. वीस तोळे चांदी आणा, आन् पोती घेऊन जा."

"वहिनी, तवा अठराशेलाच गेले होते ते."

"आन् तुमची ज्वारी कागद झाला तवा साडेतीन रुपयानं होती. ती मागायला आलात का साडेतीनच्या भावानं? तुम्हाला दाण्याला दाणा पाहिजे, मंग मला बी चांदीला चांदी पाहिजे."

सुदर्शन हसला. त्याला हा हिशोब आवडला असावा. त्याने मोबाइलवर चांदीचा भाव पाहिला, बोटाने आकडे दाबले. "आईचे गोठ आजच्या भावानं पंचवीस हजाराच्या वर जातात. आन् चार पोती ज्वारी, गहू, तूर..." पुन्हा दाबले. "मोंढ्याच्या भावानं तेवीस हजार. घ्या, फिटंफाट झाली. उलट आत्याकडंच निघतात."

मी न राहवून बोलले. "सुदर्शन, गोठ एकदाच गेले होते. धान्य दर वर्षाचं आहे."

सारजाबाई माझ्याकडे वळली. "एकदा गेले, ते एकदा तरी परत आले का गोजरबाई? तुम्ही बी होता त्या दिवशी. मागं उभ्या होता. मी आतून बघत होते. धान्य घ्या म्हणून एका शब्दानं बोलला न्हाईत."

ती खोटे बोलत नव्हती.

फकिराने पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"आक्काला इथं आण," तो मुलाला म्हणाला. "फाटकाजवळची खोली रिकामी हाय."

फाटकाजवळ जनरेटरला लागून वॉचमनची पत्र्याची खोली होती. वॉचमनला त्यांनी महिन्याभरापूर्वी कमी केले होते, पगार परवडत नाही म्हणून.

"ते चालंल," सुदर्शन म्हणाला. "भाडं नाही, लाइट फुकट, खाणं-पिणं आमच्याकडं. फाटकाकडं जरा लक्ष ठेव. पण मग ते तीनशे बंद हां आत्या. खाणार इथंच म्हणल्यावर."

आवडाबाईने विचारले, "दाराला आतून कडी हाय का?"

"नसंल तर लावून देतो."

ती माझ्याकडे वळली. "गोजर, कागद घे."

"आता घरच्या घरात कागद कशाला आत्या?"

"आसू दे."

सुदर्शनच्या बायकोने, मोनिकाने, मुलीच्या वहीतले एक पान फाडून दिले. मी झोपाळ्याशेजारी बसून लिहिले. आवडाबाई सांगत होती. एक एक शब्द तिने जपून काढला. रुपयाचा आकडा कुठेच यायचा नाही, हे तिने सुरुवातीलाच बजावले.

"लिव. रोज सकाळी तीन भाकरी, संध्याकाळी तीन. ज्वारीच्या. संगं कोरड्यास. वर्षाला दोन लुगडी. दुखलं-खुपलं तर दवाखाना. दाराला आतून कडी. माझ्या हयातभर. हे सगळं वस्तूनं द्यायचं, पैशानं नाय."

मी लिहिले. वाचून दाखवले. तिने मान हलवली. सही केली. तीन अक्षरांची सही, अजून तशीच, पाटीवर काढल्यासारखी. सुदर्शनने न वाचताच सही केली. मी साक्षीदार.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आता भाव कुठंबी जाऊ दे. भाकर ती भाकर राहील."

मलाही तसेच वाटले. इतक्या वर्षांनी एक कागद नीट लिहिला, असे वाटले.

महिनाअखेर तिने खोली सोडली. सामान एका हातगाडीत बसले. बद्रीनाथला वाईट वाटत होते. त्याने शेवटच्या महिन्याचे भाडे घेतले नाही. तिने कुलूप काढून त्याच्या हातात दिले, आणि पुन्हा मागून घेतले, कारण कुलूप तिचे स्वतःचे होते. नव्या खोलीला बाहेरून लावायला कुलूप लागणार नाही, हे तिच्या ध्यानात आले नसावे. ती आता जाणार कुठे होती?

पुढे माझे दोन-अडीच महिने दुखण्यात गेले. बरे वाटल्यावर एका संध्याकाळी मी तिला भेटायला गेले. लॉनवर लग्न होते. जनरेटर चालू होता, त्यामुळे पत्रे थरथरत होते आणि बोललेले ऐकू येत नव्हते. खोलीत डिझेलचा वास. आवडाबाई बाजेवर बसली होती. मी आधी तिला ओळखले नाही, एवढी ती वाळली होती. गळ्याची हाडे वर आली होती.

"जेवतेस ना?" मी मोठ्याने विचारले.

"जेवते की. दोन टाइम. एक दिवस चुकलं नाय."

तेवढ्यात मोनिका ताट घेऊन आली. तिच्या अंगावर लग्नातली साडी होती, घाईत होती. ताट ठेवून म्हणाली, "मावशी, कधी आलात? बसा हां. ज्वारी साठवर गेलीय, ऐकलं का? गॅस तर विचारूच नका." आणि गेली.

ताटात तीन भाकरी होत्या. मी मोजल्या. नंतर मी त्यातल्या एकीवर माझा हात ठेवला. तळव्याखाली ती सगळी झाकली गेली. बोटे बाहेर राहिली. पातळही होती. खालच्या ताटाची कड तिच्यातून दिसेल अशी.

"पयल्या महिन्यात बऱ्या होत्या," आवडाबाई म्हणाली. "मंग ल्हान होत गेल्या. मी बी रोज मोजते. तीन आसतात."

"सुदर्शनला सांगते मी."

"काय सांगशील? कागदात तीन लिवलंय. तीनच हायेत. केवढी ते कुठं लिवलंय?"

मी खाली बसले. तो कागद मीच लिहिला होता. किडकी ज्वारी, खालीवर होणारा हात, सगळे मला तेव्हा ठाऊक होते, आणि तरी मी नुसता आकडा लिहिला होता.

बाहेर बँड सुरू झाला. फाटकातून वऱ्हाड आत येत होते, आणि दारावरून जाणारी माणसे आत डोकावत होती.

"दार लोट," ती म्हणाली. "ताटात बघतेत लोक. कडी लाव आतून."

मी उठून कडी लावली. कडी नवी होती, चांगली जाड लोखंडाची. सुदर्शनने शब्द पाळला होता. मी वळले तेव्हा तिने तीनपैकी एक भाकर उचलून ताटाच्या माझ्या बाजूला ठेवली होती.

"घे," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी जाऊ नको."